आधी दुधनी, मग मॉरिशस
(मुलांसह परदेश सहलीची आखणी : विद्यार्थी व पालकांसाठी अभ्यासपाठ)



उन्हाळी सुट्टी जवळ आली की वर्गात "यंदा कुठे?" ही चर्चा सुरू होते. पूर्वी उत्तरे ठरलेली असत : आजोळ, नाशिक, शिर्डी, फार तर माथेरान. आता काही घरांत परदेशाचेही नाव निघते. अशा सहलीला घरची दोन-तीन वर्षांची शिल्लक लागते, आणि ती नीट आखली नाही तर मुले आजारी, आई दमलेली, बाबा हिशेबात आणि आजी खोलीत एकटी, असा प्रकार होतो. म्हणून या अंकात आम्ही हा विषय पाठासारखा घेतला आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, सहल मुलांसाठी असेल तर ती मुलांना बरोबर घेऊन आखावी, आणि मोठ्या प्रवासाआधी त्याची रंगीत तालीम आपल्या दुधनीला करावी.

१. सीमा म्हणजे काय?

पासपोर्ट, व्हिसा हे शब्द मुलांना कोरडे वाटतात. पण सीमेचा धडा आपल्याच मातीत आहे. १९५४ पर्यंत दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. दमणहून नगर हवेलीला यायचे तर मधला टप्पा आधी ब्रिटिशांच्या आणि १९४७ नंतर भारताच्या मुलखातून जाई. दादरा आणि नगर हवेली यांच्या मध्येही भारताचाच मुलूख होता. आज रिक्षाने तासाभराच्या आत होणारा प्रवास त्या काळी परराज्यातून जाणारा प्रवास होता.

जुलै १९५४ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी प्रथम दादरा, मग नरोली मुक्त केली आणि २ ऑगस्टला सिल्वासा. पुढे पोर्तुगालने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. मुद्दा होता, आमच्या माणसांना भारताच्या मुलखातून जाण्याचा हक्क आहे की नाही? पोर्तुगालचा आधार होता १७७९ चा मराठ्यांशी झालेला तह आणि त्यानंतर १७८३ व १७८५ साली दिलेल्या सनदा. म्हणजे पेशवाईतले कागद दूर युरोपातल्या न्यायालयात तपासले गेले. त्या कागदांनी पोर्तुगिजांना महसुलाचा हक्क दिला होता, सार्वभौम सत्ता नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. १२ एप्रिल १९६० च्या निकालात असे ठरले की, खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना जाण्याचा हक्क १९५४ साली होता, पण सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना तो नव्हता. आणि भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही. ११ ऑगस्ट १९६१ रोजी आपला प्रदेश रीतसर भारतात सामील झाला.

मुलांनो, यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सीमा ओलांडणारा कोण आहे आणि तो कशासाठी चालला आहे, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक देशाला असतो. आणि त्याचे उत्तर तोंडाने नव्हे, कागदाने द्यावे लागते. "मी कोण" हे सांगतो तो पासपोर्ट. तो आपला देश देतो. "मी येऊ का" याचे उत्तर म्हणजे व्हिसा. तो दुसरा देश देतो.

२. कागदपत्रांची सुरुवात नावापासून

आपल्या भागात एकाच मुलाचे नाव कुठे मराठीत, कुठे गुजरातीत, कुठे इंग्रजीत लिहिलेले असते. जन्मदाखल्यावर "लक्ष्मण"चे एक स्पेलिंग, शाळेच्या रजिस्टरमध्ये दुसरे, आधार कार्डावर तिसरे. एरवी कोणी विचारत नाही. पासपोर्टच्या वेळी मात्र सगळे अडते. म्हणून सहलीचा विचार मनात येताच, देश ठरवण्याच्याही आधी, पुढील गोष्टी कराव्यात :

(अ) मुलाचा जन्मदाखला, आधार कार्ड, शाळेचा दाखला आणि आईवडिलांचे पासपोर्ट एका टेबलावर ठेवून नावाचे प्रत्येक अक्षर व जन्मतारीख जुळवून पाहावी. हे काम मुलांकडूनच करून घ्यावे. ती आपल्यापेक्षा बारकाईने पाहतात.
(आ) १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून पासपोर्टला जन्मदाखलाच लागतो, असा नियम २०२५ पासून आहे. नगरपालिकेत किंवा पंचायतीत नोंद नीट झाली आहे ना, ते लगेच पाहावे.
(इ) अठरा वर्षांखालील मुलांचा पासपोर्ट सर्वसाधारणपणे पाच वर्षांचा किंवा वयाची अठरा पूर्ण होईपर्यंतचा, यांपैकी जे आधी संपेल तितका असतो. मोठ्यांप्रमाणे दहा वर्षांचा समजून पालक गाफील राहतात.
(ई) बहुतेक देश पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी असे म्हणतात. तारीख आजच पाहावी.
(उ) मूल आई किंवा वडील यांपैकी एकाबरोबरच, किंवा काका-मावशीबरोबर जात असेल, तर उरलेल्या पालकांचे संमतिपत्र नोटरी करून जवळ ठेवावे. काही देशांत ते विचारतात.

आधी नेपाळला जावे असे ज्यांना वाटते, त्यांना पासपोर्टशिवायही जाता येते. मोठ्यांना निवडणूक ओळखपत्र चालते. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेले ओळखपत्र चालते, आणि पंधरा वर्षांखालील मुलांना वय व ओळख पटवणारा फोटोसह कागद पुरतो; त्यात आधारही धरतात. भूतानला मोठ्यांसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागते, आधार चालत नाही. लहान मुलांसाठी पासपोर्ट नसल्यास जन्मदाखला नेतात.

३. कोठे आणि केव्हा? मॉरिशसचे उदाहरण

पाठासाठी आम्ही मॉरिशस निवडले आहे, त्याला कारणे आहेत. सहलीला जाणाऱ्या भारतीय नागरिकांना तेथे आधी व्हिसा काढून ठेवावा लागत नाही. परतीचे तिकीट, राहण्याची सोय आणि पुरेसे पैसे दाखवावे लागतात. (नियम बदलत असतात. तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाच्या सरकारी माहितीवरून खात्री करावीच.) मुंबईहून अंतर सुमारे ४,७०० कि.मी. असून विमान साधारण सहा-सात तास घेते. लहान मुलांना ते झेपते. आणि तेथे आपली मराठी माणसे आहेत. त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

आता नकाशा उघडा. सिल्वासा विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे २० अंशांवर आहे. मॉरिशस दक्षिणेला सुमारे २० अंशांवर! जणू विषुववृत्ताचा आरसा मध्ये धरला आहे. म्हणून आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा. मे महिन्याच्या २१ तारखेच्या सुमारास सिल्वाशाला भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्याच दिवशी मॉरिशसमध्ये दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो आणि एक मीटर काठीची सावली सुमारे ८५ सें.मी. लांब, दक्षिणेकडे पडते. येथे तेव्हा दिवस सुमारे तेरा तासांचा, तेथे सुमारे अकरा तासांचा. म्हणजे संध्याकाळी लवकर अंधार होतो. फिरण्याचा कार्यक्रम सकाळी ठेवावा.

तेथे चक्रीवादळांचा मोसम साधारण नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत असतो. म्हणून दिवाळीच्या सुट्टीपेक्षा मे महिन्याचा उत्तरार्ध बरा. हवा सुखद असते. पण मधल्या पठारावर, क्युरपिप गावाकडे, पाऊस आणि गारवा जास्त. "समुद्राचा देश" म्हणून नुसते सुती कपडे नेऊ नयेत; प्रत्येकाला एक स्वेटर हवा.

वेळेचे गणितही सोपे आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते, मॉरिशसची ६० अंशांवर. फरक २२.५ अंश. एका अंशाला ४ मिनिटे, म्हणजे ९० मिनिटे. मॉरिशस आपल्या दीड तास मागे. मुले तेथे पहाटे पाच वाजताच उठून बसतील, कारण त्यांच्या पोटातले घड्याळ साडेसहा दाखवत असेल! हे आधी माहीत असले की कोणी कोणावर चिडत नाही.

४. दुधनीची रंगीत तालीम

नाटकाला तालीम असते, परीक्षेला सराव परीक्षा असते, मग सहलीला का नसावी? त्यासाठी दुधनी उत्तम. सिल्वाशाहून खानवेलमार्गे सुमारे ४० कि.मी. रस्ता वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना साग; शेवटी दमणगंगेच्या मधुबन जलाशयाचे विस्तीर्ण पाणी आणि शिकारा होड्या. एका दिवसात परत येता येते आणि खर्चही बेताचा.

तालमीचे नियम असे :

(१) प्रत्येक मुलाने स्वतःची पिशवी स्वतः भरावी आणि दिवसभर स्वतःच उचलावी. संध्याकाळी पिशवी उघडून न वापरलेल्या वस्तू बाजूला काढाव्यात. परदेशी जाताना त्या न्यायच्या नाहीत.
(२) निघण्याच्या ठरलेल्या वेळेआधी तयार होऊन सर्वांनी एक तास नुसते बसावे, टीव्ही-मोबाईलविना. विमानतळावर तीन तास थांबायचे असते. मुले त्या वेळात काय करतात, ते पाहावे.
(३) खानवेलनंतरच्या वळणांवर कोणाला मळमळते, ते पाहावे. ज्याला मळमळते त्याला हलके खायला द्यावे, पुढच्या सीटवर बसवावे आणि लांबवर पाहायला सांगावे. औषध लागणार असेल तर ते डॉक्टरांना विचारून, आणि पहिल्यांदा घरीच देऊन पाहावे. परदेशात पहिला प्रयोग नको.
(४) होडीत बसताना लाईफ जॅकेट सर्वांनी घालायचे, पोहता येणाऱ्या बाबांनीसुद्धा. मोठ्यांनी सूट घेतली की मुले कायमची सूट घेतात.
(५) एका मुलाने वहीत वेळा लिहाव्यात : भूक केव्हा लागली, लघवीला केव्हा जावे लागले, कोण केव्हा कंटाळले, आजी-आजोबा किती चालले, पायऱ्या किती झेपल्या.

ही वही म्हणजे तुमच्या सहलीचा खरा आराखडा. दुधनीला धाकटी मुलगी दीड तासात थकत असेल, तर मॉरिशसमध्ये एका दिवसात पाच ठिकाणे दाखवणारे पॅकेज तिच्यासाठी नव्हे. अर्ध्या दिवसाला एकच ठिकाण, आणि तीन दिवसांनंतर एक दिवस मोकळा, एवढे प्रमाण बहुतेक कुटुंबांना पुरते.

तालमीत आणखी एक धडा आहे. दुधनीचे पाणी सुंदर आहे, पण ते धरणाचे आहे. या जलाशयासाठी आपल्याच प्रदेशातील आदिवासी कुटुंबांची शेते आणि घरे पाण्याखाली गेली. मुलांना हे काठावर उभे करून सांगावे. तेथील माणसांचे, घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. आपण जेथे मौज करायला जातो तेथे कोणाचे तरी रोजचे आयुष्य चाललेले असते, हे दुधनीला कळले तर परदेशातही कळेल.

५. खर्चाचे पाच कप्पे

खर्चाचे पाच कप्पे करावेत : तिकिटे, राहणे, जेवण व फिरणे, विमा व औषधे, आणि राखीव. राखीव कप्पा एकूण रकमेच्या दहाव्या भागापेक्षा कमी नसावा. कर्ज काढून सहल करू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. हप्ते भरताना फोटोंचा आनंद उरत नाही. टूर कंपनीकडून दर घेताना काय धरले आहे, काय नाही आणि टीसीएस किती लागेल, हे लेखी घ्यावे. कापलेला टीसीएस प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवता येतो, पावती जपावी.

दोन वर्षांखालील बाळाचे भाडे कमी असते. पण परतीच्या दिवसापर्यंत बाळाला दोन वर्षे पूर्ण होत असतील, तर परतीला जागेचे तिकीट लागते. वाढदिवसाची तारीख आणि परतीची तारीख जुळवून पाहावी.

मोठ्या मुलांना रोजच्या खर्चाची छोटी रक्कम त्या देशाच्या चलनात देऊन हिशेब लिहायला लावावा. मॉरिशसच्या चलनालाही रुपयाच म्हणतात, मात्र त्याचा भाव आपल्या रुपयापेक्षा वेगळा असतो. नोटेवर देवनागरी अक्षरेही दिसतात. ती शोधायला सांगावे.

६. प्रवासात लक्षात ठेवण्याचे

• विमान खाली उतरताना कान दडपतात. मोठ्या मुलांनी जांभई द्यावी, पाणी घोट घोट प्यावे. तान्ह्या बाळाला त्या वेळी दूध पाजावे.
• हातातल्या बॅगेत १०० मि.ली.पेक्षा मोठी पाण्याची, तेलाची बाटली चालत नाही. बाळाच्या दुधाला सवलत असते. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच ठेवावी.
• लोणच्याच्या बरण्या, ताजी फळे, बिया, रोपे नेऊ नयेत. सुक्या खोबऱ्यालाही हरकत घेतली जाते. विमान कंपनीला आधी विचारावे. दशम्या, चिवडा, लाडू यांवर पहिले दोन दिवस निभावतात.
• नेहमीची औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. मॉरिशसमध्ये औषधांचे नियम कडक आहेत.
• प्रत्येक मुलाच्या खिशात कार्ड हवे : मुलाचे नाव, पालकांचा मोबाईल (आधी +९१), हॉटेलचे नाव. रोज सकाळी निघताना मुलांचा एक फोटो काढावा; हरवल्यास अंगावर कोणते कपडे होते ते सांगता येते.
• हरवल्यास मुलाने शोधत फिरू नये. आहे तेथेच थांबावे.
• मॉरिशसभोवती बऱ्याच ठिकाणी प्रवाळाचा कठडा आहे, म्हणून आतले पाणी शांत. दक्षिण टोकाला ग्री-ग्री येथे तो नाही. लाटा थेट आदळतात. तेथे पाहायचे, उतरायचे नाही.

७. तेथे काय पाहावे?

समुद्र तर पाहालच. पण पोर्ट लुई येथील आप्रवासी घाट चुकवू नका. १८३४ पासून १९२० पर्यंत सुमारे पाच लाख भारतीय मजूर करारावर या बेटावर आणले गेले, ऊसमळ्यांसाठी. बोटीतून उतरल्यावर ज्या पायऱ्या ते चढले, त्या तेथे आहेत. २००६ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा ठरवले. या मजुरांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांनी भाषा आणि सण टिकवले. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, आणि तेथील शाळांत मराठी शिकवली जाते.

उतरलेल्या प्रत्येकाचे नाव रजिस्टरात लिहिले गेले. लिहिणाऱ्याने जसे ऐकले तसे त्याच्या लिपीत उतरवले. अनेक घराण्यांत पणजोबांचे नुसते पहिले नाव पुढे आडनाव होऊन बसले. ही कागदपत्रे मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपली आहेत आणि आपले मूळ गाव शोधणारे वंशज त्यांचा आधार घेतात. नावातले एक अक्षर बदलले तर पुढच्या पिढ्यांना आपले घर शोधणे किती अवघड होते, हे तेथे समजते. टेबलावर बसून जन्मदाखल्याची अक्षरे का जुळवली, याचे उत्तर मुलांना येथे मिळेल.

८. शाळेसाठी आणि विश्वस्तांसाठी दोन शब्द

आपल्या शाळेतील बहुसंख्य मुले या सुट्टीत परदेशी जाणार नाहीत. काही शेतावर आईवडिलांना हात लावतील, काही वापीच्या आणि सिल्वाशाच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आईबाबांची वाट पाहत धाकट्या भावंडांना सांभाळतील. जूनमध्ये "सुट्टीत मी पाहिलेला देश" असा निबंध दिला तर त्यांनी काय लिहावे? म्हणून आमची विनंती आहे की, निबंधाचा विषय "मी केलेला एक प्रवास" असावा. तो दुधनीचा असला तरी गुण तितकेच. परदेशी गेलेल्या मुलांनी वर्गासाठी खाऊ किंवा भेटवस्तू आणण्याऐवजी आपली वही आणावी आणि वाचून दाखवावी.

पालकांनीही सहलीसाठी चालू वर्गातून मुलांना आठ-आठ दिवस काढू नये. स्वस्त तिकीट शाळेच्या दिवसांत मिळते, हे खरे. पण बुडालेला अभ्यास नंतर मुलालाच भरून काढावा लागतो.

विश्वस्तांना सुचवावेसे वाटते की, दर वर्षी पालकसभेच्या दिवशी शाळेचे रजिस्टर आणि जन्मदाखला यांतील नावे जुळवून घेण्यासाठी एक टेबल मांडावे. परदेशी जाणे असो वा नसो, दहावीच्या फॉर्मपासून नोकरीपर्यंत प्रत्येक मुलाला याचा उपयोग होईल.

स्वाध्याय

१. मुंबईहून रात्री २ वाजता निघालेले विमान सहा तासांनी मॉरिशसला पोहोचले. तेथील घड्याळात किती वाजले असतील?
२. २१ मेच्या सुमारास दुपारी अंगणात एक मीटरची काठी उभी करा. सावली दिसते का? दर पाच मिनिटांनी नोंद करा.
३. घरातील आजी-आजोबांना विचारा : १९५४ पूर्वी दमण, वापी किंवा दादऱ्याला जाण्याबद्दल त्यांनी काय ऐकले आहे? दहा ओळी लिहा.
४. आपल्या सर्व कागदांवरील नावाचे लेखन एका तक्त्यात मांडा. फरक आढळल्यास पालकांना दाखवा आणि वर्गशिक्षकांना कळवा.
५. दुधनीच्या एका दिवसाचा आराखडा तयार करा : निघण्याची वेळ, खर्चाचे पाच कप्पे, पिशवीतील वस्तू आणि सर्वांत लहान व सर्वांत वयस्कर व्यक्तीसाठी केलेली सोय.

पाचव्या प्रश्नाच्या वह्या शाळा उघडल्यावर वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. त्यांतील चांगले आराखडे पुढील अंकात छापू.